पाच चकत्यांचा फर्मा

राजवाड्याच्या मागच्या अंगाला, तबेला आणि धोबीघर यांच्या मधल्या खोलीत जोडेवाली बसायची. तिला नाव होतं, पण ते फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तोही ‘अगं’वर भागवायचा. तो चामडं कापायचा, ती शिवायची. राणीवशातल्या बायकांचे जोडे त्या खोलीतून वर जायचे आणि झिजून, सैलावून पुन्हा खाली यायचे. ते घालणारे पाय मात्र जोडेवालीने कधी पाहिले नव्हते. राणीसाहेबांच्या पायाला खालच्या माणसाने हात लावायचा नाही, असा रिवाज होता. राजवाड्यात रिवाजांना काय तोटा!

पायांच्या जागी भिंतीवर फर्मे टांगलेले होते. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर कातडं ताणून जोडा शिवायचा. राजघराण्यात सून आली की लग्नाच्या आठवड्यात तिचा फर्मा कोरला जाई आणि मरेपर्यंत तोच चाले. पाय जाड झाला तर फर्म्यावर चामड्याची पातळ चकती चिकटवायची, बारीक झाला की काढायची.

आता बायकांचे पाय जाड कधी होतात, हे काय सांगायला हवं? राणीसाहेबांना दिवस राहिल्याची बातमी दिवाणखान्यात पोहोचायच्या आधी या खोलीत पोहोचलेली असे. चार बाळंतपणं जोडेवालीने अशी चकत्यांवर मोजली होती. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसरं मूल पोटातच गेलं तेव्हा चिकटवलेली चकती तिने आठवडाभर काढलीच नव्हती.

तिचा हात असा होता की जोडा चावायची वेळच येत नसे. दर सोमवारी जुना जोडा खाली आला की ती त्यात बोटं घालायची. टाके कुठे ताणलेत, अस्तर कुठे फाकलंय, हे पाहून पुढचा जोडा किती सैल हवा ते ठरवायची. वरून तक्रार यायच्या आधीच जोडा मोठा झालेला असायचा. एकोणीस वर्षांत तिचा एकही जोडा तक्रार होऊन परत आला नव्हता. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

पाचव्या खेपेला आठव्या महिन्यात राणीसाहेबांचे पाय भराभर सुजायला लागले. दोन आठवड्यांत तिने तीन चकत्या चढवल्या. आधीच्या दोन धरून पाच.

“एवढ्या जोड्यात माझे दोन्ही पाय जातील,” नवरा म्हणाला, “आणि वर तुझा एक.”

“जास्तच सुजलेत का हो?”

“आपण पायांचे नोकर, पोटाचे नव्हे. वर डॉक्टर बसलेत ना?”

तिलाही ते पटलं. तिने आतून लोकरीचं अस्तर लावलं, वरचं कातडं लोण्यासारखं मऊ केलं आणि जोडा वर पाठवला. तो परत आला नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी राणीसाहेबांना झटके आले. संध्याकाळच्या आत त्या गेल्या, पोटातलं मूलही गेलं.

चौथ्या दिवशी डॉक्टर खोलीत आले. म्हातारे, वाकलेले. इतक्या वर्षांत ते कधी या बाजूला फिरकले नव्हते. त्यांच्या हातात शेवटचा जोडा होता. त्यांनी तो मेजावर ठेवला, भिंतीवर नमुना म्हणून टांगलेला राणीसाहेबांच्या लग्नातला जुना जोडा काढून शेजारी ठेवला आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले.

“मला पडद्याबाहेर बसवतात,” ते म्हणाले. “दर शनिवारी प्रश्नांचा कागद आत पाठवतो. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, जोडे घट्ट होतात का. या झटक्यांआधीच्या खुणा. एखाद्याला ‘हो’ आलं तरच पडदा उघडतात. दुखणं कबूल करणं राणीसाहेबांना कमीपणाचं वाटायचं, हे मला माहीत होतं. म्हणून तर मी जोड्यांचं विचारायचो. जोड्याबद्दल कोण कशाला लपवेल?”

जोडेवालीने आरी खाली ठेवली.

“नाही म्हणाल्या त्या. खरंच घट्ट होत नव्हते.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते गेल्यावर जोडेवालीने आरी उचलली आणि अर्धवट राहिलेला टाका पुरा केला. नवरा काहीतरी म्हणत होता. त्याचे ओठ हललेले तिला दिसले.

राणीवशाचा कारभार बघणाऱ्या बाई होत्या, त्यांना सगळे किल्ल्याबाई म्हणत, कारण त्यांच्या कमरेचा जुडगा त्यांच्या आधी खोलीत येई. त्या महिनाअखेरीस खाली आल्या. त्यांनी जोडेवालीच्या मांडीवर भारी कापडाचा एक तागा ठेवला. “शेवटच्या दिवसापर्यंत राणीसाहेबांना जोडा चावला नाही,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “सगळे म्हणतात, हात असावा तर असा.” जोडेवालीने तागा घेतला. नको म्हणायला जी ताकद लागते ती तिच्यात नव्हती. तो तसाच न उलगडता फळीवर पडून राहिला.

त्यानंतरची सात वर्षं सांगण्यासारखी नाहीत. ती उठायची, शिवायची, जेवायची. मीठ कमी आहे की जास्त, हे नवऱ्याने सांगितल्यावर तिला कळायचं. नवऱ्याच्या विनोदांना ती पूर्वी चिडायची तरी, आता तेही नाही. शेवटी तोही कमी बोलायला लागला, आणि त्याच्यासारख्या माणसाला ती शिक्षाच होती. पाच चकत्यांचा फर्मा भिंतीवर तसाच होता. चकत्या काढून टाक, असं तो एकदा म्हणाला. तिने ऐकलं नाही. रडू यावं म्हणून ती कधी कधी मुद्दाम त्या फर्म्याकडे बघत बसे. येत नसे.

मग थोरल्या राजपुत्राचं लग्न झालं. एकोणीस वर्षांची सून आली, बारीक पायांची, तिचा फर्मा जोडेवालीने कोरून घेतला. राजपुत्र गादीवर बसला, सून राणीसाहेब झाली आणि वर्षाच्या आत तिला दिवस गेले. म्हातारे डॉक्टर केव्हाच घरी बसले होते, नवे तरुण डॉक्टर आले होते. पडदा तोच होता, आणि प्रश्नांचा कागदही तोच.

आठव्या महिन्यात एका सोमवारी जोडे खाली आले. जोडेवालीने बोटं आत घातली आणि तिथेच थांबली. घोट्यापाशी टाके उसवायला आले होते. आठवड्यापूर्वीच तिने दुसरी चकती चढवली होती.

किल्ल्याबाई जोडे न्यायला आल्या तेव्हा ती म्हणाली, “बाई, राणीसाहेबांचे पाय फार सुजलेत. डॉक्टरांच्या कानावर घाला.”

“पोटुशीचे पाय सुजणार नाहीत तर काय माझे सुजणार?”

“हे तसं नाही. एकदम झालंय.”

“तू जोडा मोठा कर,” किल्ल्याबाई म्हणाल्या. “त्यात तुझा हात कोण धरणार? डॉक्टर त्यांचं काम करतील.”

जोडेवालीने नव्या फर्म्यावरच्या दोन्ही चकत्या रापीने खरवडून काढल्या. लाकूड पुन्हा लग्नातल्यासारखं बारीक झालं. त्यावर तिने जोडा शिवला, जाड कातड्याचा, ताणला तरी न सैलावणारा. नवऱ्याची नजर आता अधू झाली होती, पण हातांनी त्याला कळलं.

“हा परत येईल,” तो म्हणाला.

“येऊ दे.”

“नोकरी जाईल, अगं. या वयात आपण कुठे जाणार?”

तिने दोऱ्यासाठी हात पुढे केला. त्याने दोरा मेणावरून ओढून तिच्या हातात दिला.

जोडा बुधवारी परत आला. अठ्ठावीस वर्षांतला पहिला. किल्ल्याबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. जोडेवालीने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शुक्रवारी दुसरा जोडा पाठवला, त्याच मापाचा. जुने जोडे तिने आधीच उसवून ठेवले होते, त्यामुळे वर घालायला दुसरं काही नव्हतं. त्या मुलीला त्रास होणार हे तिला माहीत होतं. वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. वाटलं मात्र काहीच नाही.

शनिवारी कागद आत गेला. जोडे घट्ट होतात का? तरुण राणीसाहेबांनी म्हणे जोडे पडद्यावरूनच बाहेर भिरकावले. पडदा उघडला. डॉक्टरांनी पाय पाहिले, लघवी तपासली, आणि कुणाला तोंड उघडू न देता त्यांना अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवलं. दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच त्यांनी बाळंतपण उरकलं. मुलगी झाली. एवढीशी, पण रडली. आईही वाचली.

जोडेवालीला हे धोबिणींकडून कळलं. तिने “बरं” म्हटलं आणि हत्यारं आवरायला घेतली, कारण कामावरून काढल्याचा निरोप सकाळीच आला होता. हात गेला म्हणे हिचा.

दुपारी किल्ल्याबाई खोलीची किल्ली घ्यायला आल्या. आता त्याही थकल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या.

“राणीसाहेबांनी विचारायला सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंना तू कधी जोडा चावू दिला नाहीस म्हणे. शेवटपर्यंत नाही. मग माझ्याशीच असं का केलंस?”

नवऱ्याने तोंड उघडलं. जोडेवालीने हाताने त्याला थांबवलं. तिने फळीवरचा तागा काढून मेजावर ठेवला, नऊ वर्षांच्या घड्या होत्या तशाच. मग भिंतीवरून जुना फर्मा उतरवला आणि किल्ल्याबाईंच्या हातात दिला.

“हा त्यांना द्या. म्हणावं, सासूबाईंचा शेवटचा जोडा यावर शिवला. दर शनिवारी डॉक्टर विचारायचे, जोडे घट्ट होतात का. त्या नाही म्हणायच्या.”

किल्ल्याबाईंनी फर्मा उलटसुलट केला. चकत्यांच्या कडांवरून त्यांचा अंगठा फिरत गेला. एक, दोन, तीन. तो कागद दर शनिवारी आत नेऊन वाचणाऱ्या, आणि ‘नाही’ बाहेर आणून सांगणाऱ्या त्याच होत्या. चौथ्या चकतीवर अंगठा थांबला.

जोडेवालीने आपलं स्टूल त्यांच्यामागे सरकवलं. आता त्यांना बसावं लागेल, हे तिला ठाऊक होतं.