बाबांचं बोलणं कुलपात

शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथपालांनी नियतकालिकाचा अंक माझ्या हातातून काढून घेतला. सगळ्यांसमोर.

"कुठल्या तुम्ही?"

"आरमोरीची."

"सदस्य नाही ना? मग नाही मिळणार. आणि तिकडे हे वाचणार कोण? मासे?"

टेबलावरची दोन मुलं हसली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. उत्तर दोन्ही भाषांत सुचलं. पिशवी उचलून बाहेर पडले.

त्या अंकात आमचा तलाव होता. मी नववीत असताना त्या संस्थेचे एक सर माशांचा अभ्यास करायला आले होते. बाबा छातीभर पाण्यात उभे राहून सांगायचे, कोणता मासा कुठे अंडी घालतो, त्या दिवसांत तलावाच्या कोणत्या तोंडाशी आम्ही ढिवर, पिढीजात मासेमार, जाळं टाकत नाही. मी काठावर बसून त्याचं इंग्रजी करायचे. आता एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी माझीच वाक्यं मला बघायला मिळत नव्हती.

घरी बाबांनी विचारलं, "मायं बोलणं हाये ना त्याच्यात? वाचून दाखवजो, बाई."

"नाई भेटलं, बाबा."

"काऊन? आपलंच त होतं."

सरांना पत्र टाकलं. उत्तर आलं: हक्क प्रकाशकाकडे आहेत, तुमच्या कॉलेजला वर्गणी भरायला सांगा. आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पोरी, इथी छपराले पत्रे नाई, तू विलायती अंक मागून राह्यली."

पुढच्या वर्षी बाबा गेले. ऐकायचं राहिलंच.

मग माझा पहिला शोधनिबंध स्वीकारला गेला. त्याच तलावावरचा. सोबत करार: सगळे हक्क प्रकाशकाला. खाली सहीची रेघ. तेव्हा कळलं, बाबांचं बोलणं असंच कुणीतरी सही करून देऊन टाकलं होतं.

इंटरनेटवर एक नवं नियतकालिक होतं. त्याचा करार वेगळा. हक्क लेखकाकडे, वाचन सगळ्यांना मोकळं, कोणत्याही ग्रंथालयानं छापून ठेवावं. ग्रंथपालबाईंनी तो दोनदा वाचला. "म्हंजे हे टेबलावर ठेवता येते? कोणाले न विचारता?"

माझे मार्गदर्शक म्हणाले, "त्याला कोण विचारतं? नखरे नकोत. पहिल्या करारावरच सही कर, नाहीतर निबंधावरून माझं नाव काढ. आणि शिफारसपत्र विसर."

पीएच.डी., नोकरी, सगळं त्या पत्रावर होतं.

मी त्यांचं नाव काढलं. तिथे बाबांचं लिहिलं आणि निबंध नव्या नियतकालिकाकडे पाठवला.

शिफारस आली नाही. येणारही नाही. आता कोणताही करार समोर आला की एवढंच बघते: आमच्या तलावाच्या काठावर बसून हे वाचता येईल का? येत नसेल, तर सही नाही.