आवक नंबर दोनशे बारा

मालिनीबाई खांबेटे नाकासमोर चालणाऱ्या बाई होत्या. अमेरिकेतल्या मिडवेस्टातल्या एका राज्याच्या राजधानीत, वन्यजीव खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं टेबल होतं, खिडकीपासून सगळ्यात लांबचं. येईल ते टपाल उघडायचं, तारखेचा शिक्का मारायचा आणि योग्य त्या फायलीत लावायचं, एवढं त्यांचं काम. ते त्या अशा निष्ठेने करत की जणू सगळं राज्य त्या शिक्क्यावर उभं आहे.

हे वळण त्यांना लागलं होतं साताऱ्याला. लग्नाआधी सहा वर्षं त्यांनी तिथल्या जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा आणि कागद आणणाऱ्याला पोच द्यायची. पाटणहून एस.टी.ने अर्ज घेऊन आलेला माणूस एकवेळ साहेबांना न भेटता परत जाईल, पण आवक नंबर हातात पडल्याशिवाय टेबलासमोरून हलायचा नाही. नंबर मिळाला की त्याचा चेहरा निवळे. काम होवो न होवो, कागद पोचला हे तरी कळलं.

अमेरिकेत पोच नव्हती. लोक सरकारला पत्रं लिहीत आणि सरकार ती फायलीत घालून गप्प बसे. मालिनीबाईंना हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. बोलायची सोयही नव्हती. त्यांची नोकरी तात्पुरती होती.

ही नोकरी त्यांच्या घरात किती मोठी होती ते सांगायला हवं. यजमान श्रीराम ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होते. चौऱ्याऐंशी साली कारखान्याला कुलूप लागलं आणि पगाराबरोबर घराचा हेल्थ इन्शुरन्सही गेला. त्यानंतर वर्षाच्या आत श्रीरामरावांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, फार लांबवू नका. इन्शुरन्सशिवाय ते ऑपरेशन म्हणजे राहतं घर विकणं. मालिनीबाई शहाऐंशीच्या एक जुलैला कायम होणार होत्या आणि कायम झाल्या की नवराबायको दोघांना सरकारी इन्शुरन्स लागू होणार होता. फक्त त्यांचे साहेब डॅन केसलर यांची त्या कागदावर सही हवी होती. जिन्याच्या चौथ्या पायरीवर नवरा दम खायला थांबला की मालिनीबाई मनातल्या मनात जुलैपर्यंतचे दिवस मोजत.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत खात्याने शिकारीच्या आणि सापळ्यांच्या नियमांत बदल सुचवले. त्यातला एकच बदल लोकांना झोंबला. तोवर सापळा लावणाऱ्याने दर चोवीस तासांनी जाऊन तो तपासायचा असा नियम होता. आता त्याचे बहात्तर तास होणार होते. कायद्याप्रमाणे हरकती व सूचना मागवल्या गेल्या. एरवी दीडशे-दोनशे पत्रं यायची. त्या वर्षी अठराशे आली.

केसलरसाहेबांनी मालिनीबाईंना एक तक्ता आखून दिला. दोन रकाने : बदलाच्या बाजूने, बदलाच्या विरुद्ध. पत्र उघडा, रेघ मारा, पुढचं पत्र. केसलर माणूस वाईट नव्हता. प्राणिशास्त्रज्ञ होता, माणसांपेक्षा पाणमांजरांत जास्त रमायचा, इतकंच.

पण मालिनीबाईंना न वाचता रेघ मारता येईना. त्या प्रत्येक पत्र वाचायच्या. स्वतः जन्माच्या शाकाहारी. सापळ्यात पाय अडकलेल्या रॅकूनचं वर्णन वाचून त्यांना त्या दिवशी डबा गेला नाही. सापळेवाले म्हणजे कसाई असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मग एक दिवस वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं एक पत्र आलं.

लिहिणारा ऑर्व्हिल टॅगर्ट नावाचा एक्काहत्तर वर्षांचा म्हातारा होता. साठ वर्षं तो ओढ्याकाठी फरसाठी मस्करॅट आणि मिंक ही पाणथळ जागची छोटी जनावरं धरत आला होता. बायकोला अर्धांगवायू झालेला. मुलगी एक दिवसाआड येते तेव्हाच त्याला घराबाहेर पडता येई. म्हणून चोवीस तास त्याला जमत नव्हते. ‘पण तीन दिवस जनावर सापळ्यात ठेवायची मला लाज वाटेल,’ त्याने लिहिलं होतं. ‘दोन दिवस करा.’

मालिनीबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. बाजूने म्हणावं तर तसं नाही, विरुद्ध म्हणावं तर तसंही नाही. नाइलाजाने त्यांनी विरुद्धच्या रकान्यात रेघ मारली आणि घरून आणलेल्या आपल्या वहीत ‘वेगळं’ असा तिसरा रकाना मराठीत आखला. मग त्यांच्या हातून ती गोष्ट घडली. कपाटात जुन्या कोऱ्या पोस्टकार्डांचे गठ्ठे पडून होते. त्यातलं एक घेऊन त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘आपलं पत्र मिळालं. आपला नंबर २१२. खात्याकरिता, एम. खांबेटे.’ कार्ड टपालात पडलं आणि कित्येक वर्षांनी त्यांना आपण नोकरी करतोय असं वाटलं.

एकाला दिली म्हणजे सगळ्यांना द्यायला हवी, नाहीतर तो पक्षपात. मागच्या दोनशे अकरा जणांना गेली, पुढच्यांनाही. केसलरसाहेब महिनाभर दौऱ्यावर होते आणि मालिनीबाईंच्या लेखी पोच द्यायला परवानगी लागते ही कल्पनाच नव्हती. घरी त्यांनी श्रीरामरावांना सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, “अगं, इथे कुणाला तुझ्या आवक नंबरचं पडलंय?”

पडलं होतं. एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी, शाळेच्या जिममध्ये, नियम ठरवणाऱ्या आयोगापुढे जाहीर सुनावणी होती. दरवर्षी तीसेक माणसं येत. खबरदारी म्हणून सव्वाशे खुर्च्या मांडल्या होत्या. बारा वाजताच पार्किंग भरलं. एकपर्यंत सातशे माणसं आत होती आणि निम्म्यांच्या हातात पोस्टकार्ड होतं. सरकारने आपल्याला नाव घालून कार्ड पाठवलं, वर नंबर दिला, याचा अर्थ सगळ्यांनी एकच काढला होता : हा आपला बोलायचा नंबर. माणसं एकमेकांची कार्डं बघून रांग लावत होती. शिकारी टोपीवाला तीनशे चार आणि प्राणीमित्र संघटनेची तीनशे पाच शेजारीशेजारी उभे राहून एकमेकांकडे रागाने बघत होते.

मालिनीबाई दाराशी नोंदवही घेऊन बसल्या होत्या. समोरचा प्रकार लक्षात आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. केसलर गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्याही हातात कुणीतरी दिलेलं कार्ड होतं.

“ही सही तुमची?”

“हो.”

“अशी किती पाठवलीत?”

“सगळ्यांना. अठराशे सेहेचाळीस.”

केसलरनी कपाळाला हात लावला. “आयोगाने ऐकायला दोन तास ठेवलेत, मालिनी. दोन तास! वर चला. माइकवर सांगा की ही कार्डं चुकून गेली, त्यांना काही अर्थ नाही.”

स्टेजवर जाताना मालिनीबाईंना जुलैचा तो सही न झालेला कागद डोळ्यांपुढे दिसत होता. केसलर सांगतील ते बोलायचं आणि खाली यायचं, असं त्यांनी ठरवलं. माइक त्यांच्या उंचीला फार वर होता. कुणीतरी तो खाली करून दिला.

“ही कार्डं बोलायचे नंबर नाहीत,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे. मी माफी मागते.”

“मग आहेत कसले?” कुणीतरी ओरडलं.

इथे ‘कसलेच नाहीत’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते खोटं होतं, आणि ते त्यांच्या जिभेवर येईना.

“तुमचं पत्र मी वाचलं, याची पोच आहे,” त्या म्हणाल्या.

जिममध्ये हशा पिकला. मागून एक उंच, वाकलेला म्हातारा हात वर करून म्हणाला, “सगळी वाचलीत? माझा नंबर दोनशे बारा. सांगा बघू मी काय लिहिलं होतं.”

“मिस्टर टॅगर्ट,” मालिनीबाई म्हणाल्या. नाव ऐकून हसणारे थांबले. “तुम्ही लिहिलंत की मुलगी एक दिवसाआड येते, म्हणून तुम्हाला रोज ओढ्यावर जाता येत नाही. पण तीन दिवस जनावर सापळ्यात ठेवायची तुम्हाला लाज वाटेल. दोन दिवस करा म्हणालात.” मग त्यांना राहवलं नाही. “मी तुम्हाला विरुद्धच्या रकान्यात घातलंय. तुम्ही विरुद्ध नव्हता, मला माहीत आहे. तक्त्यात दुसरी जागा नव्हती.”

“माझा तीनशे पाच!” प्राणीमित्र बाई उठल्या. त्यांनी एक दिवस मागितला होता, पण दोनावर भांडणार नाही असंही लिहिलं होतं. मालिनीबाईंनी तेही सांगितलं. तीनशे चारने बर्फ पडलं की रस्ते बंद होतात म्हणून सवलत मागितली होती. किती तासांची याची त्याला पर्वा नव्हती. पंधरा-वीस नंबर झाले. दोन ठिकाणी मालिनीबाई चुकल्या आणि लोकांनी दुरुस्त केलं. आयोगाचे अध्यक्ष, लाकडाचे एक व्यापारी, अखेर पुढे वाकून म्हणाले, “बाई, दोन दिवस ज्यांना चालतील असे एकूण किती आहेत?”

“सातशे नव्वद,” मालिनीबाई म्हणाल्या. वही उघडायची गरज पडली नाही.

मे महिन्यात आयोगाने नियम केला : अठ्ठेचाळीस तास. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात मालिनीबाईंचं नाव नव्हतं आणि ते असावं असं त्यांनाही वाटलं नाही.

त्याआधी, सुनावणीनंतरच्या सोमवारीच केसलरनी त्यांना आत बोलावलं होतं. मालिनीबाई टेबलाचा खण रिकामा करूनच गेल्या. केसलरनी त्यांना बसायला सांगितलं.

“सातशे नव्वद,” ते म्हणाले. “मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत. मी टेम्पररी आहे.”

केसलरनी दोन कागद पुढे सरकवले. एक कायम करण्याचा, त्यावर त्यांची सही झाली होती. दुसरा वरच्या ऑफिसातून आलेला : खात्याच्या वतीने कोणत्याही नागरिकाला पत्राने, कार्डाने अथवा अन्य प्रकारे उत्तर देणार नाही. इथे सही करा. दुसऱ्यावर सही केली तरच पहिला लागू.

मालिनीबाईंनी सही केली. सही करताना त्यांना आपण काहीतरी विकतोय असं वाटलं आणि फार वाईट वाटलं. पण हात अडखळला नाही. सप्टेंबरात श्रीरामरावांची बायपास झाली. नाताळापर्यंत ते जिना एका दमात चढायला लागले आणि चढल्यावर वर उभं राहून बायकोला हाक मारायला लागले, “बघ गं, मोज पायऱ्या!”

पुढच्या वसंतात कोल्ह्यांच्या मोसमाबद्दल हरकती व सूचना मागवल्या गेल्या. तक्त्यात आता तीन रकाने होते. तिसरा केसलरनी स्वतः आखला होता. पहिल्याच आठवड्यात टॅगर्टचं पेन्सिलीने लिहिलेलं पत्र आलं, आणि दोन आठवड्यांनी दुसरं. दुसऱ्यात त्यांनी कोल्ह्यांबद्दल पाऊण पान लिहिलं होतं, मग बायको जानेवारीत गेल्याचं एका ओळीत, आणि खाली : ‘दोन आठवड्यांपूर्वी मी एक पत्र पाठवलं होतं. गेल्या वर्षी तुमचं कार्ड लगेच आलं. या वेळी आलं नाही. तुमची तब्येत बरी आहे ना?’

मालिनीबाईंनी शिक्का मारला, नंबर घातला, पत्र फायलीत लावलं. संध्याकाळी आमटी ढवळता ढवळता त्यांनी नवऱ्याला ते पत्र शब्दनशब्द सांगितलं.

“मग घरून लिही की,” श्रीरामराव म्हणाले.

“अहो, पत्ता ऑफिसच्या कागदावरचा. तो घरी आणायचा म्हणजे चोरीच. आणि मी सही केलीय.”

“ती पत्रं पब्लिक असतात ना? कुणीही येऊन वाचू शकतं, तूच म्हणालीस.”

“हो. काउंटरवर फॉर्म भरून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला श्रीरामराव इस्त्रीचा शर्ट घालून खात्याच्या काउंटरवर हजर झाले. लिफ्ट असताना दोन मजले पायी चढून आले होते. मालिनीबाईंनी परक्या माणसाला द्यावा तसा त्यांना फॉर्म दिला. त्यांनी नाव, पत्ता, फाइलचा विषय लिहिला. मालिनीबाईंनी फॉर्म तपासला, तारीख राहिली होती ती घालायला लावली, आणि फाइल समोर ठेवली.

श्रीरामरावांनी चष्मा लावून टॅगर्टचं पत्र वाचलं, मग परत वाचलं. खिशातून स्वतः विकत आणलेलं पोस्टकार्ड काढलं, काउंटरवरच पत्ता उतरवला आणि मागे लिहिलं : ‘तुमच्या पत्नीचं कळून वाईट वाटलं. माझी बायको बरी आहे. तुमची दोन्ही पत्रं तिने वाचली आहेत.’

“बघायचंय?” त्यांनी कार्ड पुढे केलं.

“खाजगी पत्र आहे तुमचं,” मालिनीबाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला पाठमोऱ्या वळल्या.