आवाज करणारी शेगडी

गोडादऱ्याच्या आमच्या नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली, तेव्हा स्वयंपाकघरात एक ओटा आणि एक नळ यापलीकडे काही नव्हतं. मला ते आवडलं. रिकामी जागा असली की नीट ठरवता येतं. साड्यांच्या घडी-पॅकिंगच्या खात्यात कुठला माल कुठल्या गाडीत गेला हे बघणं माझं काम आहे, त्यामुळे याद्या करायची सवय हाताला आहे. घरासाठीही केली. आधी लागणारं, महिन्याभरात लागणारं, आणि जमलं तर. मांडणीची उंची मोजून डब्यांची मापं शेजारी लिहिली. सगळ्यांत वर लिहिलं होतं : इंडक्शन शेगडी.

ते आत्याबाईंसाठी होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. एकदम नाही, कडेकडेनं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उरलेलं म्हणजे उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच.

तरीही डिंडोलीच्या भाड्याच्या खोल्यांत भाकरी त्यांच्याच हातची होत होती. मी नोकरीला लागल्यापासून घरातल्या भाकरी त्यांनी केल्या. एका दुपारी त्यांनी दूध तापत ठेवलं, ते उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. खालच्या खोलीतल्या बाईला जिन्यात वास आला म्हणून ती धावत वर आली. आत्याबाई शेजारच्या खोलीत पाय पसरून बसल्या होत्या. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्यानं त्यांना गॅस पेटवायची बंदी केली. फार मऊ आवाजात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि चार दिवसांनी आपली लुगडी पिशवीत भरायला लागल्या. गावी, धाकट्या दिराकडे पोचवून द्या म्हणाल्या. त्या रागात नव्हत्या, हेच मला जड गेलं. ज्या बाईच्या हातून भाकर होत नाही, तिनं कोणाच्या घरात का बसून राहायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. फ्लॅट ताब्यात येईस्तोवर थांबा, एवढं मी कबूल करून घेतलं.

इंडक्शन हे माझं उत्तर होतं. ज्योत नाही, वास नाही, पदर पेटायची भीती नाही. त्यांनी ती शेगडी स्वतः बघावी, म्हणजे हाताळावी, म्हणून मी त्यांना दुकानात घेऊन गेले.

दुकान डिंडोलीतलंच, ओळखीच्या गुजराती काकांचं. भांड्यांचं काम भराभर झालं. कुकर, परात, कढई, सांडशी. एकाच संचातली पातेली मात्र आत्याबाईंनी बाजूला सारली. सगळ्यांचे काठ सारखे, कुठलं कुठलं ते कळायचं कसं? मग काकांनी वेगवेगळ्या काठांची काढली. त्यांवर त्या बोट फिरवत गेल्या आणि हे भाताचं, हे डाळीचं, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मी यादीत 'संच' खोडून 'सुटी' लिहिलं.

मग काकांनी इंडक्शन लावून दाखवली. पातेल्यात पाणी ठेवलं, आणि बाजूच्या काचेवर स्वतःचा तळवा टेकवून म्हणाले, बघा, हात भाजत नाही. आत्याबाईंनी त्यांच्या सवयीनं तळवा शेगडीजवळ नेला, हवेतच. इतकी वर्षं त्या अशाच आच बघत आल्या होत्या.

"पेटली का?" त्यांनी विचारलं.

पेटली, मी म्हटलं.

"मग ही बोलत का नही?"

काका हसले. चालू-बंदची खूण काचेच्या आत होती, बोटाला लागेल असं वर काही नव्हतं. भाकर कशी शेकायची याच्यावर, हा पुढचा प्रश्न आला. काकांकडे त्याचंही उत्तर होतं. रोटल्यापुरता, म्हणजे भाकरीपुरता, गॅस ठेवायचा, म्हणत त्यांनी फळीवरून मातीचा खोलगट तवा काढला. "आ तावडी लई जाव, मासी."

गुजरातीत मातीच्या तव्याला तावडी म्हणतात हे आत्याबाईंना इतक्या वर्षांत ठाऊक नसेल असं मुळीच नाही. तरी त्यांनी तो हातात घेतला, वजन केल्यासारखा हलवला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "जलमभर याच्या नाहीतर त्याच्या तावडीत काढलं. आता पैसे देऊन घरात आणू?"

मला हसू आवरेना. काका माझ्याकडे बघत राहिले. आमच्यात तावडीत सापडणं म्हणजे काय ते मी त्यांना गुजरातीत सांगितलं, पण सांगितल्यावर त्यातली गंमत गेली आणि उरलं ते हसण्यासारखं नव्हतं.

तोवर पाणी उकळलं होतं. काकांनी इंडक्शन बंद केली, पातेलं उचललं. आत्याबाईंनी विचारलं, बंद केली ना? हो म्हटल्यावर त्यांनी जागा समजून घ्यायला हात पुढे केला आणि तळवा नेमका मधोमध टेकला. काच तापलेली होती. त्यांनी हात झटकन मागे घेतला. काकांनी गडबडीनं पाण्याची बाटली त्यांच्या हातावर धरली. फार भाजलं नव्हतं. लाल झालं होतं एवढंच.

हात पुसत त्या अहिराणीत बोलल्या. घरात फक्त आमच्याशी बोलायच्या तसं, हळू.

"माले दिखस नही. आते आवाज बी काढी लेस का?"

म्हणजे, मला दिसत नाही. आता आवाजही काढून घेतेस का? मला राग आला. मी दुधाची आठवण करून दिली. तो गॅसही काही ओरडून सांगत नव्हता, मी म्हणाले. खालच्या बाईला वास आला नसता तर काय झालं असतं, तेही म्हणाले. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, त्यांनी ऐकलं.

आत्याबाईंनी पुसलेला हात पुन्हा पदराला पुसला. मग म्हणाल्या, "वास नही उना माले त्या दिवशी."

त्यांना वास आला नव्हता. मी तोवर समजत होते की त्यांना डुलकी लागली होती. नजरेबरोबर नाकही कमी होत चाललं होतं, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पिशवी आम्हीच भरली असती असं त्यांना वाटलं असावं.

काकांना आमची भाषा कळली नाही, पण अडचण कळली. त्यांनी आतून दोन बर्नरची एक गॅसची शेगडी आणली. ज्योत विझली की हिचा गॅस थोड्या वेळानं आपोआप बंद होतो. बटणं जाड होती, फिरवताना खटका लागत होता. दुकानातल्या छोट्या सिलिंडरला ती जोडून काकांनी पेटवली. आत्याबाईंनी हवेत तळवा धरला, मान कलती केली. मग काकांनी फुंकर घालून ज्योत विझवली आणि आम्ही तिघंही थांबलो. वाट बघणं लांबल्यासारखं वाटलं. मग आतून अगदी बारीक 'टक्' झालं.

"मिटली," आत्याबाई म्हणाल्या. काकांच्या आधी.

त्यांनी ते पुन्हा करायला लावलं. नवरा कामाच्या पाळीवर होता, विचारायला फोन उचलणार नव्हता. मी इंडक्शनवर काट मारली.

नव्या घरात पावसाळाभर भाकरी त्यांनीच केल्या. सकाळी आतून खटका ऐकू यायचा, मग गॅसची सू, मग थापण्याचा आवाज. मी बाहेर भाजी निवडत बसायची आणि आत जायची नाही. ते सोपं नव्हतं. गावाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

थंडी सुरू झाली आणि खिडकीतला उजेडही त्यांना कळेनासा झाला. एका संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, त्या आपणहून म्हणाल्या, "उद्यापासून तू पेटव. मी थापीन."

काय झालं, मी विचारलं. हात बघू का, पदर बघू का.

"काही झालं नाही, बाई. झाल्यावर सांगू का मग?"

पुढचं वाक्य गावाचं असेल म्हणून मी जागच्या जागी उभी राहिले. पण त्या भांडी जागेवर ठेवायला लागल्या. हे भाताचं, हे डाळीचं.

आता कामावर जायच्या आधी आम्ही दोघी ओट्यापाशी असतो. त्या पीठ मळतात, थापतात. शेगडी माझ्याकडे. मी सगळं मोठ्यानं सांगते. तवा ठेवला. गॅस पेटवला. बारीक केला. उलटली. त्या वैतागतात, आमच्या घरात रेडिओ लागलाय म्हणतात, पण मधे बोलत नाहीत.

एकदा माझं लक्ष घड्याळाकडे होतं आणि मी बोलायची राहिले. वळून बघितलं तर आत्याबाई दोन्ही तळव्यांवर थापलेली भाकरी घेऊन उभ्या होत्या, तोंड तव्याच्या दिशेला, जागच्या न हलता. किती वेळ तशा होत्या कोणास ठाऊक. भाकरीची कड बोटांवरून खाली लोंबायला लागली होती.

"तापला," मी म्हटलं.

त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.