मापवाली विचारते तेव्हा

आमच्या आरोग्य पाहणीच्या कामावर ती सगळ्यात शेवटी लागली आणि सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली. त्याआधी ती बायकांचे कपडे शिवणाऱ्या दुकानात मापं घ्यायची, म्हणून तिचं नाव मापवाली. नाव मीच ठेवलं. चिडवायला ठेवलं होतं, तर ती त्या नावाला सरळ ओ द्यायला लागली. माझी तेवढीही मजा गेली.

दिसायला म्हणाल तर काही नाही. खांदे उतरलेले, केस कसेबसे गुंडाळलेले, चप्पल फटक फटक वाजणारी. दुसऱ्याचं पेन घ्यायचं आणि परत द्यायचं नाही ही खोड. जेवायला बसलो की आधी माझ्या डब्यात डोकावणार, मग स्वतःचा उघडणार. अशा बाईचा हेवा वाटावा, याचाच मला जास्त संताप यायचा.

आमचं काम घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना प्रश्न विचारायचं. झोप लागते का, दम लागतो का, दारू, तंबाखू, मन उदास असतं का. लोक भडाभडा सांगतात. पोट साफ होतं की नाही हे तर न विचारता सांगतात. गाडं अडायचं ते शेवटाकडच्या एका प्रश्नावर: ‘तुमचा लैंगिक कल कोणता?’ म्हणजे तुम्हाला बाईची ओढ वाटते, पुरुषाची, दोघांची, की कुणाचीच नाही. वेगळी ओढ असणारी माणसं डॉक्टरकडे जायला कचरतात, दुखणी अंगावर काढतात. ती किती आणि त्यांना काय होतं हे कळावं, म्हणून हा प्रश्न.

पण ‘कल’ म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते. एका आजोबांनी दाराकडे बघत मला हळूच सांगितलं, “कल आत्ताच सांगता येत नाही. यंदा चुरस आहे.” मग वरून शब्द बदलून आला. ‘कुणाची ओढ वाटते?’ त्यावर एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, “माहेरची गं. अजून वाटते.” आता माहेराचा पर्याय काही आमच्याकडे छापलेला नव्हता.

हसण्यावारी नेलं तरी माझ्या कामाचे बारा वाजत होते. या प्रश्नापुढे माझी बहुतेक वेळा एकच खूण असायची: ‘सांगायची इच्छा नाही’. मापवालीच्या कागदांवर ती खूण औषधालाही सापडायची नाही. कोण काय म्हणालं ते ती कधी बोलायची नाही, तसा नियमच आहे. पण लोक तिला सांगत होते हे उघड होतं. एकदा आमच्या मोठ्या बाई, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्या, सगळ्यांदेखत म्हणाल्या, “हिच्याबरोबर एकदा जाऊन बघा.” बोलल्या सगळ्यांना, बघितलं माझ्याकडे. मी पहिल्यापासून या कामात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तरी गेले. एका बंद पडलेल्या सायकल दुकानाच्या वरच्या खोलीत एक बाई राहत होती, तिच्या परवानगीनं कोपऱ्यात बसले. मापवालीनं विचारलं, जिना चढताना दम लागतो का. मग त्याच सुरात, कागदावरची नजर न हलवता, ओढ कुणाची. सगळे पर्याय एकसारखे वाचले आणि गप्प बसली. खाकरणं नाही, हसणं नाही. त्या बाईनं दम लागतो हे जसं सांगितलं, तसंच हेही सांगितलं. काय सांगितलं ते मीही इथे सांगणार नाही.

परतताना मी म्हटलं, “तू आधी थोडं समजावत का नाहीस? मी तर म्हणते, राग मानू नका हं, हा प्रश्न विचारावाच लागतो. लोकांना बरं वाटतं.”

“वाटतं होय?” ती म्हणाली. “दुकानात कमरेला टेप लावली की आकडा म्हणायचा आणि पुढं जायचं. ‘राग मानू नका, कंबर मोजते’ म्हटलं की बाई पोट आत घेतेच. मग घरी गेल्यावर ब्लाउज उसवतो आणि बोलणी आपल्याला.”

एवढं बोलून तिनं माझं पेन मागितलं. मी दिलं, आणि त्याच्या नावानं आंघोळ केली.

नंतर पाहणीच्या यादीत आमचंच घर निघालं. आमच्या घरातून निवड झाली माझ्या धाकट्या भावाची. आई-वडील गेल्यापासून तो माझ्याकडेच असतो. चाळिशीला आला, लग्न केलं नाही. लग्नाचा विषय काढला की उठून झाडांना पाणी घालायला जातो. त्यामुळे आमची झाडं कुजतात. मला काही कळत नव्हतं असं नाही. शंका होती, खूप वर्षांची होती. पण मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि जगात सगळ्यात आधी मला ऐकायचं होतं. त्याचं जेवणखाण, शिक्षण, दुखणंखुपणं सगळं मी काढलेलं. तेवढा हक्क माझा होता.

आपल्या घरच्यांना आपण विचारायचं नाही असा नियम. मोठ्या बाईंनी मापवालीला पाठवलं.

ती चप्पल फटक फटक वाजवत जिना चढून आली, आतल्या खोलीत गेली, आणि भावानं दार लावलं. मी स्वयंपाकघरात चहाचं भांडं घासत बसले. ते आधीच लखलखीत होतं. आतून शब्द येत नव्हते, नुसता तिचा तो सपाट आवाज. मग भाऊ हसला. मोठ्यानं, मोकळा. माझ्या घरात, माझा भाऊ, आणि हसवणारी कोण, तर ही! मला तिला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

जाताना ती नेहमीसारखीच म्हणाली, “येते हं.” चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

भाऊ कप विसळायला आला. गुणगुणत होता. मी खाकरले.

“राग मानू नकोस हं,” मी म्हटलं, “पण एक विचारू का?”

गुणगुणणं थांबलं. त्याची पाठ ताठ झाली.

“तिला सांगितलंस ना?”

“तिनं विचारलं.”

“मग मीही विचारतेच आहे की!”

“तू राग मानू नकोस म्हणतेयस, ताई. रागावण्यासारखं काय आहे त्यात?”

तो माझ्याकडे वळून थांबला. खरंच थांबला, ओला कप हातात धरून. कुणाची ओढ वाटते रे तुला, एवढंच तर म्हणायचं होतं. परक्या घरांत म्हणून म्हणून माझ्या जिभेला घट्टे पडले होते. मी पुन्हा नुसतीच खाकरले. त्यानं नळ सोडला आणि दुसरा कप विसळायला घेतला.

मी आतल्या खोलीत गेले. टेबलावर माझं पेन होतं. मापवालीनं घेतलेली वस्तू पहिल्यांदाच परत ठेवली होती. मला हवं होतं ते मात्र घेऊन गेली.