कोंबड्यांसाठी भाजलेलं सोयाबीन

मागच्या महिन्यात आमच्या घरी एक भलताच प्रकार झाला. डोंगरकडा गावाजवळ आमचं शेत आहे, तिथे माझ्या पन्नासेक कोंबड्या आहेत… आणि त्या सगळ्याच्या सगळ्या बाळापूरच्या बाजारात नेऊन विकायचं ठरलं होतं. कारण एकच, अंडी जवळजवळ बंद.

'माझ्या' असं मुद्दाम लिहिलंय. हळद मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सोयाबीन मालकांचं, म्हशी सासूबाईंच्या… ह्या घरात मी सुरू केलेलं आणि मीच वाढवलेलं असं एवढंच आहे. त्यामुळे विकायचं नाव निघालं की माझा जीव तुटायचा.

सासूबाई माळकरी. अंड्याला हात लावणं सोडाच, शेडच्या बाजूनं जायचंही त्या टाळतात. "आपल्या घरी हे काहून?" असं पहिल्या दिवशीच विचारून झालं होतं, म्हणून शेड पार बांधाला आहे.

बरं, आधी कोंबड्या छान होत्या. दुकानातलं तयार खाद्य खायच्या आणि अंडी द्यायच्या. मग मालकांना कुणीतरी सांगितलं की त्या खाद्यात सोयाबीन असतं… झालं!

"आगं, घरात पोत्यानं सोयाबीन पडलंय अन् तू दुकानातून आणून राहिलीस?" दुसऱ्याच दिवशी ते कच्च्या सोयाबीनचा आणि मक्याचा भरडा काढून घेऊन आले. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू… घरचं, ताजं, बिनभेसळीचं.

त्यात थंडी वाढली. मालकांना एकदम माया आली आणि त्यांनी शेडच्या जाळीला चारही बाजूंनी ताडपत्री बांधून टाकली. वारा शिरायला बोटभर फट ठेवली नाही… तान्हं लेकरू गुंडाळावं तसं शेड गुंडाळलं.

हळूहळू कोंबड्या खंगायला लागल्या. तुरे फिके पडले, खालचा भुसा सारखा ओला राहायचा, अंडी निम्म्यावर आली आणि मग त्याच्याही निम्म्यावर. मी लसूण चारून पाहिला, हळदीचं पाणी पाजलं, मोबाइलवर दिसेल तो उपाय केला. शेवटी मालकांनी निकाल लावला, "नस्ती तकलीफ झाली ही. उद्या बाजारात नेऊ."

त्या संध्याकाळी मी दळण करत बसले होते. आमच्याकडे गव्हात मूठभर सोयाबीन टाकतात, पण भाजून. माझं डोकं कुठलं ठिकाणावर… तव्यावर जरा फिरवलं न फिरवलं आणि उतरवायला लागले.

सासूबाई खेकसल्या, "नीट भाज की! कच्चं राह्यलं तर पचत न्हाई. लेकरांची पोटं फुगतेत मंग."

माझा हात तसाच थांबला. "आत्याबाई… मग कोंबड्यांना?"

तशीच उठले आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते आधी हसले, मग चांगलेच रागावले. म्हणाले, कच्च्या सोयाबीनमधलं प्रोटीन कोंबडीला नीट पचतच नाही, पोटभर खाऊनही ती उपाशी राहते. तयार खाद्यात असते ती तेल काढलेली, उष्णता दिलेली पेंड… आणि आम्ही आपले कच्चे दाणे भरडून घालत होतो.

मग त्यांनी विचारलं, "शेडमध्ये गेल्यावर डोळे चुरचुरतात का?" चुरचुरायचे की… मला वाटायचं, कोंबड्या म्हटल्यावर असणारच. म्हणाले, ओल्या भुशातून निघणारा उग्र वायू आत कोंडून राहतो, त्यानं त्यांना श्वासाचा त्रास होतो आणि खाणंही कमी होतं. ताडपत्री वरून मोकळी करा, भुसा बदला, तयार खाद्य परत चालू करा, अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा ठेवा आणि घरचं सोयाबीन घालायचंच असेल तर चांगलं भाजून, बेतानं घाला… एका दमात सगळं सांगितलं.

मी धावत जाऊन मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आता काय उपेग? गाडीवाल्याला सांगून बसलो." मी भांडले. खरं सांगते, रडलेसुद्धा.

तेवढ्यात सासूबाई मधे बोलल्या. "आरं, तिथं कापायलाच नेतेत ना त्याहिला?"

मालकांनी नुसती मान डोलावली.

"आपुन उपाशी मारलं अन् आता कापायला धाडायचं… हे बराबर न्हाई. आधी पोटभर खाऊ दे. मंग पाहू."

विषय संपला. गाडीवाल्याला 'येऊ नको' म्हणून फोन गेला. मालकांनी तोंड वाकडं करत ताडपत्री सोडली आणि मी ओला भुसा उपसायला घेतला. परत आले तर सासूबाई परसातल्या चुलीसमोर… घमेलंभर सोयाबीन भाजत बसलेल्या! मी उलथणं घ्यायला गेले तर म्हणतात कशा, "ऱ्हाऊ दे. तुला भाजता येत न्हाई."

लगेच चमत्कार झाला नाही. काही कोंबड्या गेल्याच. पण उरलेल्या सावरल्या, तुरे पुन्हा लाल झाले, आणि एका सकाळी टोपलीत इतकी अंडी दिसली की मी ती दोनदा मोजली. आता मालक गावभर शेडमधल्या हवेवर भाषण देत असतात, जणू शोध त्यांनीच लावलाय… देऊ देत बापडे.

परवा टोपली घेऊन येत होते. ओट्यावर बसलेल्या सासूबाईंनी मान दुसरीकडे वळवली आणि हळूच विचारलं, "आज किती?"

त्या फेसबुकवर नाहीत म्हणून इथे मोकळेपणानं लिहिते. आत्याबाई, ज्याला तुम्ही हातही लावणार नाही त्याच्यासाठी तुम्ही चुलीच्या धुरात बसलात… तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.