बैल अडला त्या वळणावर

थोरला मुलगा सहा महिन्यांचा असताना तापाने गेला, तेव्हापासून मी देवाशी बोलणे टाकले होते. भांडण म्हणावे तर तेही नव्हते, अबोला होता. वालावलला आमच्या देवळात गाऱ्हाणे चाले तेव्हा मी मागे खांबाला टेकून उभा राही. आमच्याकडे गाऱ्हाणे एकट्याचे नसते. एकाने देवापुढे मागणे मांडायचे आणि बाकीच्यांनी त्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. तो होकार माझ्या तोंडून निघेना. मुलाच्या आजारात मी तीनदा गाऱ्हाणे घालून घेतले होते आणि तिन्ही वेळा सगळ्यांत मोठ्याने ओरडलो होतो. आता पुन्हा काय म्हणून हो म्हणायचे?

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता आणि मी सावंतवाडीच्या एका व्यापाऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर होतो. बेळगावहून बटाटे भरायचे आणि आंबोली घाट उतरायचा, हे दर आठवड्याचे काम. घाटाच्या माथ्यावर रस्त्याकडेला देवाची एक घुमटी होती. जुने ड्रायव्हर तिथे गाडी उभी करीत, नारळ फोडीत, चाके आणि ब्रेक बघून घेत, मग दुसरा गेर टाकून सावकाश खाली निघत. मीही तसेच शिकलो होतो. अबोला धरल्यावर थांबणे बंद केले. आलो तसा माथा ओलांडायचा आणि लॉरी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची. इंजिनाला काम नाही, डिझेल वाचते, मालक खूश. देवावाचून माझे काही अडत नाही, असे म्हणून मीही मनातल्या मनात खूश.

पुढे मुलगी झाली. बाळंतपणाला बायको आजऱ्याला माहेरी गेली होती. तीन महिने झाल्यावर मी बेळगावहून येताना तिला आजऱ्याच्या फाट्यावर लॉरीत घेतले. मुलीला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. कानावर टोपी, मुठी मिटलेल्या, गाढ झोपलेली. थोरला असाच झोपत असे. मी पटकन मान रस्त्याकडे वळवली.

माथ्यावर घुमटी दिसली तशी बायको म्हणाली, "अहो, नारळ आणलाय मी. थांबा की जरा."

"उशीर होतोय," मी म्हणालो. उशीर कसला होणार? सकाळचे दहा वाजले होते. नारळ तिने पुन्हा पिशवीत ठेवला आणि मी नेहमीसारखी गाडी सोडली.

त्या दिवशी माल जास्त होता. वळण आले की ब्रेक दाबायचा, आणि वळण संपले तरी पाय काढायची सोय नव्हती. अर्धा घाट उतरलो असेन, तेव्हा जळक्या चिंधीसारखा वास आला. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पाय खालपर्यंत गेला आणि गाडी धरेना. भराभर चार-पाच वेळा दाबला. हातब्रेक ओढला. गेर टाकायला गेलो तर त्या वेगात तो नुसता करकरला, बसला नाही. एक वळण कसेबसे काढले. दरी बायकोच्या बाजूला होती. तिने मुलीला छातीशी धरून डोळे मिटले होते.

पुढच्या वळणावर रस्ता दुरुस्त करणारा एक मैलकुली उभा होता. त्याने आधी लाल निशाण हलवले, मग ते टाकून दोन्ही हातांनी डोंगराची बाजू दाखवू लागला. "हयसर घाल रे! खडयेत घाल!" डोंगराला लागून खडीचा लांबलचक ढीग होता. मी स्टिअरिंग वळवले. चाके खडीत रुतली, लॉरी घसटत, हादरत काही हात पुढे गेली आणि डोंगराला खांदा लावून थांबली. मुलगी जागी होऊन रडू लागली. ते रडणे ऐकून मीही रडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

चाकांतल्या ब्रेकच्या ड्रममधून धूर येत होता. मी पाण्याचा डबा घेऊन धावलो, तर मैलकुल्याने हात धरला. "पाणी घालू नको. तापलेलो डरम फुटतलो. बस गप, आपसूक थंड होवंदे." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "गेर काढून इलंस मां? ज्या गेरार घाट चढतंस, त्याच गेरार उतार मरे. गाडी इंजिनान धरूची. ब्रेक मदतीक. दाबूचो नि सोडूचो, दाबूचो नि सोडूचो." त्याने मला काही नवीन सांगितले नव्हते. घुमटीपाशी थांबत होतो तोवर मी हेच करीत होतो. गाडी उभी राहिली की गेर टाकूनच निघावे लागे. थांबणे सोडले आणि त्याबरोबर तेही सुटले.

तास-दीड तास आम्ही बसून होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "ही खडी हंयची न्हय. खालच्या वळणार टाकूची होती. पण काल गाडयेचो बैल हंयच अडलो. काय केल्या फुडे जायना, म्हणान हंयच ओतलंय. मुकादमान शिव्यो घातल्यान माका."

बैल कशाला अडला, हे मी त्याला विचारले नाही. बैल अडतातच. बायकोने पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातात दिला. त्याने खडीवरच जागा केली, डोके उघडे केले आणि गाऱ्हाणे सुरू केले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज तुका नारळ दिल्यान हा, तो मान्य करून घे. काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल. ह्येची बायल, ह्येचा चेडू सुखरूप घराक पावय..."

तो थांबला. होकार भरायला तिथे माझ्याशिवाय कोण होते? बायको माझ्याकडे बघत होती.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

ड्रम हाताला गार लागल्यावर गाडी खडीतून काढली, दुसरा गेर टाकला आणि पायी चालावे तितक्या सावकाश खाली उतरलो. थोरला का गेला, हे मला अजून कळलेले नाही आणि आता मी ते विचारतही नाही. आपला भार आपल्याला पेलत नाही, हे उतार लागण्याआधी कबूल करायचे आणि थांबायचे, एवढेच मी शिकलो. पुढच्या खेपेला माथ्यावर नारळ फोडला. त्याची अर्धी वाटी मैलकुल्याला दिली, आणि त्या बैलाला विचारत विचारत शोधून ओंजळभर गूळ चारला.