पुनवेचा बांबू आणि हजेरीचा कागद

मंडळी, आज रोह्याजवळच्या आमच्या ठाकरवाडीत शहरातले सर यंदाही टोपल्या विणायला शिकवायला आले. शिकणार कोण, तर जन्मभर टोपल्या विणणारी माझी आत्या!

आत्याने त्यांचा बांबू हातात घेतला. "कवा तोडला?"

"परवा."

"परवा पुनव व्हती. ह्याला भुंगा लागंल. बांबू अवसेला तोडायचा."

सर हसले. "अंधश्रद्धा!"

गेल्या वर्षीही त्यांनी पुनवेचाच बांबू आणला होता. तेव्हाची टोपली मी घरातून आणून टेबलावर आपटली. भुगा सांडला. सरांनी घाईने हजेरीचा कागद पुढे सरकवला.

त्यावर 'प्रशिक्षणार्थी' म्हणून आत्याचं नाव होतं. ते खोडून मी सरांचं लिहिलं.

"खाडाखोड चालत नाही," सर म्हणाले.

म्हटलं, मग पुढच्या वेळी आधीच नीट लिहून आणा. सांगा, चुकलं माझं?